एकाच आसाभोवती

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की शहर संपायच्या आत नालवाडी येते. आज ती वर्ध्याला चिकटलेली आहे. १९३२ च्या डिसेंबरात विनोबा भावे तिथे राहायला गेले तेव्हा ती शहराबाहेरची, मुख्यतः दलितांची वस्ती होती. १९३४ मध्ये तिथे ग्रामसेवा मंडळ स्थापन झालं. मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर काम करणारं चर्मालय गोपाळराव वाळुंजकरांनी उभं केलं. सूत कातून मिळेल तेवढ्याच मजुरीत पोट भरायचं, हा प्रयोग विनोबांनी स्वतःवर केला तो याच गावात. त्यासाठी त्यांच्या हातात असे ती टकळी.

धातूच्या सळईतून लेथवर पेन कसा घडतो हे या प्रकरणात पाहायचं आहे. सुरुवात मात्र टकळीपासून केलेली बरी. पेन आणि टकळी यांचं काम वेगळं असलं तरी दोघांची अडचण एकच आहे. गोल वस्तू बनवणं फारसं अवघड नाही. तिचा प्रत्येक भाग एकाच आसाभोवती गोल असणं अवघड आहे.

टकळीत दोनच भाग असतात. एक वीतभर लांबीची पोलादी काडी आणि तिच्या खालच्या टोकाजवळ बसवलेली पितळेची चकती. चकती जड असते, म्हणून चिमटीने दिलेली फिरकी काही काळ टिकते आणि तेवढ्यात पेळूतून निघालेल्या धाग्याला पीळ बसतो. आता चकतीचं भोक मध्यापासून केसभर सरकलं, किंवा काडी किंचित वाकली, तर काय होईल? चकतीचं वजन एका अंगाला जास्त पडतं आणि फिरताना ते बाहेर ओढ देतं. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे टकळी दुप्पट वेगाने फिरवली की ओढ चौपट होते. हळू फिरवताना जिचं काही बिघडलेलं दिसत नाही ती टकळी वेग घेताच डोलू लागते. धागा कुठे जाड, कुठे बारीक होतो आणि शेवटी तुटतो.

वाकड्या चातीचा प्रश्न

चरख्यात टकळीच्या जागी चाती असते आणि ती कितीतरी पटींनी जास्त वेगाने फिरते. त्यामुळे वाकडी चाती ही सूत कातणाऱ्यांची कायमची डोकेदुखी होती. ती गांधीजींनाही चांगली ठाऊक होती. यंत्रांना तुमचा सरसकट विरोध आहे का, असं जी. रामचंद्रन यांनी १९२४ मध्ये त्यांना विचारलं. १३ नोव्हेंबरच्या ‘यंग इंडिया’त छापलेल्या या संभाषणात गांधीजींनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिलाई यंत्राचं नाव घेतलं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच संभाषणात त्यांनी आणखी एक यंत्र मागितलं होतं. वाकडी चाती सरळ करणारं यंत्र कुणी केलं तर त्याचं आपण स्वागत करू, असं ते म्हणाले. चात्या लोहारच करतील, पण बिघडलेली चाती सरळ करायचं साधन ज्याच्या त्याच्या घरी असेल, असा त्यांचा मुद्दा होता.

१९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी कडक होत्या. चरखा खेड्यातल्या घरात चालवता यावा, एका बाईला दिवसाचे ८ तास फार न थकता त्यावर काम करता यावं, तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघावं आणि किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. किर्लोस्करवाडीत काळे नावाच्या गृहस्थांनी तयार केलेला चरखा या बक्षिसाच्या शर्यतीत उतरला. बक्षीस मात्र कुणालाच मिळालं नाही. साधेपणा, स्वस्ताई आणि अचूकपणा या तीन गोष्टी एका यंत्रात बसवणं किती कठीण आहे, ते या स्पर्धेने दाखवून दिलं.

तो अचूकपणा ज्या यंत्रावर तयार होतो ते यंत्र म्हणजे लेथ. किर्लोस्कर मंडळींनी पुढे लेथही बनवले. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी सुरू झाली आणि तिच्या लेथवर देशातल्या कितीतरी टर्नरांचा हात बसला.

लेथ सरळपणा कुठून आणतो

लेथवर वस्तू फिरते आणि हत्यार स्थिर असतं. लाकडी खेळणी आणि पाळण्याचे खूर करणारा कातारीही हेच करत आला. त्याच्याकडे हत्यार हातात धरलेलं असे, म्हणून आकाराची खात्री त्याच्या मनगटावर अवलंबून होती. १८०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्सली याने हत्यार लोखंडी सरकत्या बैठकीत आवळलं, ती बैठक स्क्रूने पुढे सरकवली आणि धातूवर एकसारखे आटे पाडायची सोय केली. आपल्याकडच्या कुठल्याही वर्कशॉपमधला लेथ आजही याच घराण्यातला आहे. डाव्या हाताला हेडस्टॉक, त्यावर जॉब, म्हणजे कातायची वस्तू, पकडणारा चक, उजवीकडे टेलस्टॉक, मधे बेडवर सरकणारी कॅरेज आणि तिच्यावर टूल पोस्ट.

फिरणाऱ्या सळईला स्थिर हत्यार लागलं की कापलेला पृष्ठभाग फिरण्याच्या आसाभोवती आपोआप गोल होतो. सळई चकमध्ये थोडी तिरकी बसली असली तरी कापलेला भाग गोलच येतो. गंमत पुढे आहे. सळई काढून उलटी पकडली की नव्या पकडीचा आस जुन्या आसाशी जुळेलच असं नाही. तीन जबड्यांचा चक पटकन आवळता येतो, पण वापरलेल्या चकमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत फरक सहज पडतो. टर्नर म्हणतो, ‘जॉब आउट फिरतोय.’ मग चार जबड्यांचा चक लावायचा, डायलची टोच जॉबला टेकवायची आणि काटा हलायचा थांबेपर्यंत एकेक जबडा सैल करत, आवळत बसायचं. त्यापेक्षा शहाणपण यात आहे की जे जे भाग एकमेकांशी जुळायला हवेत ते ते एकाच सेटिंगमध्ये उरकून घ्यावेत. आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलाला ही गोष्ट पहिल्या काही महिन्यांत कळते आणि मग ती कायम अंगात राहते.

सळईतून पेन

आता चार सुताची, म्हणजे अर्ध्या इंचाची, पितळेची सळई घेऊ. १४ सेंटिमीटर तुकड्याचं वजन साधारण १५० ग्रॅम भरतं. त्याच मापाची ॲल्युमिनियमची सळई ४८ ग्रॅमची, टायटॅनियमची ८० ग्रॅमच्या आसपास. पितळेत सहा मिलिमीटरचं आरपार भोक पाडून बाहेरून ११ मिलिमीटरपर्यंत उतरवलं तरी जवळजवळ ८० ग्रॅम उरतात. प्लास्टिकचा साधा बॉलपेन १० ग्रॅमच्या आतबाहेर असतो. म्हणून धातूच्या पेनात वजन कुठे ठेवायचं हा पहिला प्रश्न असतो. मागचा भाग जड झाला तर लिहिताना पेन मागे कलतो आणि बोटं त्याला सावरण्यात दमतात. अनुभवी कारागीर मागच्या अंगाला आतून जास्त पोकळ करतो आणि पकडीजवळ धातू राखतो.

पितळेचीही निवड असते. लेथसाठी फ्री कटिंग पितळ घेतात. त्यात तांबं आणि जस्त यांच्या जोडीला सुमारे ३ टक्के शिसं असतं. शिसं पितळेत विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपात विखुरलेलं राहतं. त्यामुळे हत्यारापुढे निघणारी चीप लांब न वळता लगेच तुटते. पितळ कापताना सुयांसारख्या बारीक कपच्या उडतात त्या यामुळे. चष्मा डोळ्यांवर हवाच. टायटॅनियमची तऱ्हा निराळी. ते उष्णता लवकर वाहून नेत नाही, धार पटकन जाते आणि त्याचा बारीक भुसा पेट घेऊ शकतो. अशा आगीवर पाणी टाकायचं नसतं, कोरडी वाळू टाकायची.

चक किती वेगाने फिरवायचा ते धातूवर ठरतं. हायस्पीड स्टीलच्या टूलला पितळेसाठी मिनिटाला ६० मीटरचा कटिंग स्पीड धरला, तर अर्ध्या इंचाच्या सळईसाठी हिशेब मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर येतो. स्टेनलेस स्टीलसाठी २० मीटर धरले तर ५०० फेऱ्या पुरतात.

कामाचा खरा कस भोकात लागतो. पार्कर पद्धतीचं बॉलपेनचं रिफिल सुमारे ९८ मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर जाड असतं. ते आत बसायला सहाच्या किंचित वरचं भोक आणि ९० मिलिमीटरच्या आसपास खोली लागते. ही खोली जाडीच्या जवळजवळ पंधरा पट झाली. एवढ्या लांबीत ड्रिल बिट वाट सोडून तिरका जायला टपलेला असतो. त्यावर उपाय असे. सळई चकच्या मागे स्पिंडलच्या पोकळीत जाऊ द्यायची आणि बाहेर थोडीच ठेवायची. वाकण्याचं प्रमाण बाहेर राहिलेल्या लांबीच्या घनाने वाढतं, लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच जोराखाली टोक आठपट वाकतं. मग टोक सपाट करून सेंटर ड्रिलने छोटा खळगा पाडायचा, म्हणजे मोठ्या ड्रिलला बसायला जागा मिळते. ड्रिल टेलस्टॉकमध्ये स्थिर आणि सळई फिरती, हे लेथच्या पथ्यावर पडतं, कारण त्यामुळे भोक मध्याकडे राहायला मदत होते. तरीही एका दमात आत शिरायचं नसतं. थोडं आत जाऊन मागे यायचं, कपच्या झटकायच्या, तेलाचा थेंब सोडायचा, पुन्हा आत जायचं. पितळ ड्रिलची धार ओढून घेतं, म्हणून जाणता कारागीर ड्रिलच्या धारेचा तिरकेपणा दगडावर थोडा मारून घेतो.

पेनचे दोन भाग एकमेकांत पिळून बसवायचे आटेही याच सेटिंगमध्ये पाडून घ्यायचे. रिफिलचं टोक बाहेर येण्यासाठी पुढे अडीच मिलिमीटरच्या आसपास बारीक भोक लागतं. ते आणि मोठं भोक एका आसावर नसतील तर रिफिल आत घासतं किंवा लिहिताना टोक टकटक करतं. पेन विकत घेणाऱ्याला आवाज ऐकू येतो, कारण मात्र आतल्या आसात असतं.

बाहेरचा आकार सर्वांत शेवटी. भोक तयार झालं की नळी एका आटे पाडलेल्या मँड्रेलवर, म्हणजे आधाराच्या दांड्यावर, घट्ट बसवतात आणि टेलस्टॉकचा टेकू देऊन बाहेरून कापतात. मँड्रेल स्वतः त्याच लेथवर, त्याच पकडीत कातलेला असेल तर बाहेरचा पृष्ठभाग भोकाच्या आसाशी जुळतो आणि नळीची जाडी सगळीकडे सारखी येते. दोन भागांच्या जोडावर नख फिरवलं तर केसाच्या जाडीपेक्षा लहान पायरीही जाणवते. ती घालवायची एक युक्ती आहे. दोन्ही भाग एकमेकांत पिळून, एक झाल्यासारखे धरून, शेवटचा हलका कट दोघांवरून एकदमच घ्यायचा. जोड डोळ्याला दिसेनासा होतो. पेन उघडून पुन्हा बंद केल्यावर तो दिसत नाही ना, हे पाहणं ही आट्यांची परीक्षा.

पकडीच्या जागी नर्लिंगची जाळी किंवा उथळ खोबण्या पाडल्या की बोट घसरत नाही. शेवटी पॉलिश पेपर, ४०० नंबरपासून २,००० पर्यंत, पायरी न गाळता. पॉलिश करताना अपघात जास्त होतात. फिरत्या जॉबवर फडकं बोटाला गुंडाळून धरायचं नाही, हातमोजे घालायचे नाहीत, बाह्या वर दुमडायच्या. चक कपडा ओढतो तेव्हा हात सोडवायला वेळ मिळत नाही. पितळेवर लॅकर मारला तर चकाकी राहते, न मारला तर ते महिन्याभरात काळवंडू लागतं आणि जिथे बोटं रोज फिरतात तिथे उजळ राहतं.

शाईचा पेन आणि वर्ध्याला आलेली एक लेखणी

शाईच्या पेनात आणखी दोन अडचणी येतात. शाई पितळेला खाते, म्हणून शाई थेट धातूत न भरता कार्ट्रिज किंवा कन्व्हर्टर वापरतात. दुसरी अडचण टोपणाची. साध्या आट्यांचं टोपण उघडायला पाच-सहा फेरे लागतात आणि तेवढ्यात सुचलेलं वाक्य निसटतं. त्यासाठी तीन तोंडांचे आटे पाडतात. ०.८ मिलिमीटरच्या अंतराचे तीन आटे शेजारी-शेजारी चालले तर एका फेऱ्यात टोपण २.४ मिलिमीटर पुढे सरकतं. तेवढीच पकड, पण दोनेक फेऱ्यांत काम होतं. लेथवर हे करताना पहिला आटा पाडून जॉब बरोबर एक तृतीयांश फेरा सरकवून दुसरा सुरू करावा लागतो. जरा चूक झाली की तिन्ही आटे एकमेकांवर चढतात आणि नळी मोडीत जाते.

हिंदुस्थानात हाताने पेन कातण्याचा धंदा धातूपेक्षा एबोनाइटवर वाढला. गंधक घालून कडक केलेलं हे रबर हलकं असतं, शाईला दाद देत नाही आणि लेथवर लोण्यासारखं कापलं जातं. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या कोसुरी वेंकट रत्नम यांच्या पेनची गोष्ट वर्ध्याशी जोडलेली आहे. १९२१ मध्ये वर्ध्यात त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि टाचणीपासून पेनपर्यंत काहीतरी स्वदेशी बनवा, असा सल्ला मिळाला, ही हकीकत त्यांच्या कुटुंबात सांगितली जाते. पुढे रत्नम यांनी पेन बनवला. तो गांधीजींपर्यंत पोचला जे. सी. कुमारप्पांच्या हातून. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते सूत्रधार होते आणि संघाचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले. १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना आभाराचं पत्र लिहिलं. पेन आपण वापरून पाहिला आणि बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना तो चांगला पर्याय वाटतो, असा त्याचा आशय होता.

ग्रामोद्योग संघ आणि लेथ यांचं जमलं कसं, असा प्रश्न इथे पडतो. उत्तर १९२४ च्या त्या संभाषणात आहे. यंत्र माणसाच्या जागी बसतं की माणसाच्या हाताखाली, हा गांधीजींचा निकष होता. लेथवर एक माणूस एक जॉब करतो. कट किती घ्यायचा, ड्रिल कधी मागे ओढायचा हे तो कानाने आणि तळहाताने ठरवतो. त्याच लेथवर सकाळी पंपाचा शाफ्ट दुरुस्त होतो, दुपारी चाती कातली जाते आणि संध्याकाळी पेन. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवण्याची पद्धत, पुढे आली आणि मुलांच्या हातात टकळी गेली. हाताने अचूक वस्तू घडवणं हेही शिक्षण आहे, ही त्यामागची धारणा होती. लेथसमोर उभ्या राहिलेल्या कुणालाही ती पटायला वेळ लागत नाही.

मर्यादाही मान्य करायला हवी. हाताने कातलेला धातूचा पेन म्हणजे बहुधा पेनचं शरीर. बॉलपेनच्या टोकाची टंगस्टन कार्बाइडची गोळी ०.७ किंवा १ मिलिमीटरची असते. ती आणि तिची बैठक कारखान्यातल्या खास यंत्रांवरच तयार होतात. शाईच्या पेनचं निब आणि त्याच्या टोकावरचा कठीण धातूचा ठिपका हाही वेगळा धंदा आहे. नुसत्या लेथवर यातलं काही होत नाही. तेव्हा हाताने बनवलेला म्हणून पेन घेताना नेमकं काय हाताने झालं हे विचारणं वाजवी आहे.

पेन पारखायचा कसा? टोपण काढून नळी काचेवर लोटावी. नळीची एक बाजू जड असेल तर ती दर वेळी त्याच बाजूवर येऊन थांबते. जोडावर नख फिरवावं. आटे सावकाश पिळून पाहावेत, कुठे अडकत किंवा डगमगत असतील तर आस हुकला आहे. कागदावर टेकवून रिफिल आत हलतं का ते ऐकावं. आणि सगळ्यांत आधी दुकानदाराला विचारावं की रिफिल कोणतं लागतं. धातूची नळी दोन पिढ्या टिकेल, रिफिल काही महिनेच. ते गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळत असेल तर पेन दुरुस्त करायची ताकद वापरणाऱ्याच्या हातात राहते. फक्त बनवणाऱ्याकडेच मिळत असेल, तर पितळ कितीही जाड असो, पेनचं आयुष्य तेवढ्या दुकानापुरतंच.